विचाराधीन

घराचा आकडा फोटोत दिसला पाहिजे, असं ऑफिसातली बाई म्हणाली.
सत्तेचाळीस भागिले दोन.
आकडा दोघांच्या डोक्यांच्या मधोमध हवा.
तोरमोड इतका उंच की आकडा त्याच्या कानामागे जातो,
म्हणून गेली पाच वर्षं दारातल्या फोटोत
तो गुडघ्यांत वाकलेला,
नवस बोलून विसरल्यासारखा.

वाटा तशा तीन होत्या.
एक सावन्नाखेतची: वर्षाचा शिक्का घ्यायचा
आणि दर नव्वद दिवसांनी पूल ओलांडून लाओसला जायचं,
तिथे एक कॉफी प्यायची, परत यायचं.
सहा वर्षं केलं ते.
मेकाँगपलीकडच्या कॉफीवालीला
त्याच्या साखरेचा अंदाज
माझ्याआधी आला.

दुसरी वाट म्हातारपणाची:
पन्नाशी उलटलेली हवी, बँकेत आठ लाख हवेत.
पन्नाशी होती.

तिसरी वाट मी.
माझ्यावर चार लाखांत भागतं.
"बायको म्हणजे निम्म्या किमतीत देश," तो म्हणाला
आणि एकटाच हसला.
मी दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी मासळीबाजारात
तोच विनोद मी माझा म्हणून सांगितला.

चार लाख बाट दोन महिने
जागचे हलता कामा नयेत.
नेमका त्याच दोन महिन्यांत
माझा भाऊ मोटरसायकलसकट कालव्यात गेला.
मांडीचं हाड, दोन ठिकाणी.
पासबुक बुद्धाच्या फळीवर, उदबत्तीच्या राखेशेजारी.
वहिनी येऊन बसली, पाणी प्यायली,
फळीकडे तिने पाहिलं नाही,
इतकं सांभाळून पाहिलं नाही
की माझीच मान खाली गेली.

मग फोटो.
भाचा म्हणाला, हसा. बाई म्हणाली होती, नैसर्गिक हसा.
एक स्वयंपाकघरात: माझ्या हातात उखळीचा दांडा,
त्याच्या हातात, का कोण जाणे, लिंबू.
एक टीव्हीसमोर. टीव्ही बंद.
आणि एक पलंगावर.

आम्ही पलंगावर झोपत नाही.
त्याची कंबर गेली त्या वर्षापासून
तो खाली, खांबांमध्ये बांधलेल्या झोळीत झोपतो;
मी वर, खिडकी उघडी टाकून,
त्याचं घोरणं फळ्यांमधून येतं तेवढं पुरतं.
तरी मी नवी चादर घातली, फुलांची,
आणि आम्ही तिच्या काठावर बसलो
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे.
अकरा वर्षांत खोटं असं एवढंच केलं,
आणि फाइलमध्ये सगळ्यात वर तेच लागलं.

बाईने फोटो पत्त्यांसारखे मांडले.
लग्नाच्या फोटोवर बोट ठेवलं:
"इथे गळ्यात साखळी आहे."
मग पलंगाच्या फोटोवर:
"इथे नाही."
मी म्हटलं, भावाचा पाय.
तिने काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.
साक्षीला शेजारची कामलाय मावशी, पायात चपला वेगवेगळ्या.
"एकत्र राहतात का?"
"रोज भांडतात," मावशी म्हणाली,
"तो त्याच्या भाषेत, ही हिच्या.
राहत नसते तर मला झोप लागली असती."

शिक्का बसला: विचाराधीन.
तीस दिवसांनी या.

निघताना मीच विचारलं,
हळू, त्याला कळू नये अशा घाईच्या थाईत:
मी आधी गेले तर याचं काय?
बाईने पहिल्यांदा मान वर केली.
म्हणाली, तो नियम वेगळा आहे.
कोणता, ते मी विचारलं नाही.
बाहेर तो स्कूटरपाशी
माझं हेल्मेट पोटाशी धरून उभा होता,
त्यात दोन उकडलेली कणसं.

रात्री वर गेले.
फुलांच्या चादरीला एक सुरकुती नव्हती.
काढली, घडी केली,
कपाटात कागदांच्या पिशवीखाली ठेवली.
पुढच्या वर्षी लागेल.
खालून घोरणं यायला थोडा उशीर झाला.
मी तशीच उभी राहिले, येईपर्यंत.